बेसिक झाला, पथक सुरू झालं, पण संघनायक नुसते नावालाच. काय करावं?

शनिवारचा_तास (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यातली माध्यमिक शाळा. स्काउट पथकात ३२ मुलं, सहावी ते नववी, आठ-आठचे चार संघ. स्काउटमास्तरचा सात दिवसांचा बेसिक कोर्स मे महिन्यात झाला. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास जोडून मिळतात, म्हणजे ७० मिनिटं.

अडचण अशी आहे की गाठ शिकवायची तर बत्तीस जणांना एका रांगेत उभं करून मीच शिकवतो. पुढच्या दहा जणांना दिसतं, मागचे गप्पा मारतात. दोरखंड दहाच आहेत. संघनायक वर्गशिक्षकांनी निवडून दिले, चौघेही हुशार, पण रांग लावण्यापलीकडे त्यांना काम नाही. संघ वर्गवार आहेत: सहावीचा एक, सातवीचा एक, असे.

जानेवारीत दोन मुक्कामांचं शिबिर घ्यायचा विचार आहे. त्याची तयारी कशी करावी आणि अ‍ॅडव्हान्सला, म्हणजे बेसिकच्या पुढच्या कोर्सला, कधी जावं, हेही सांगा.

पथकवही

सर, मूळ दुखणं संघ वर्गवार असण्यात आहे. तिथूनच सुरुवात करा.

वर्गवार संघात सगळे एकाच वयाचे. संघनायकाला इतरांपेक्षा जास्त काही येत नसतं, मग तो शिकवणार काय? शिवाय नववीचा संघ पुढच्या जूनमध्ये अख्खा निघून जातो आणि सहावीचा नवा संघ कोरा येतो. दरवर्षी तुम्ही शून्यावर. त्यापेक्षा प्रत्येक संघात नववीचे दोन, आठवीचे दोन, सातवीचे दोन, सहावीचे दोन घ्या. बदल करताना घट्ट मित्रांच्या जोड्या शक्यतो तोडू नका आणि एका वाडीवरून येणारी मुलं एका संघात ठेवा, म्हणजे सुट्टीतही त्यांना भेटता येतं.

संघनायक संघाने निवडावा. चिठ्ठीवर प्रत्येकाने एक नाव लिहायचं, चिठ्ठ्या तुम्ही वाचायच्या आणि मग त्या मुलाशी बोलून नाव जाहीर करायचं. उपसंघनायक मात्र संघनायकाने स्वतः सुचवावा, तुम्ही फक्त होकार द्यावा. त्याच्याशी पटणारा माणूस त्यालाच ठाऊक असतो. गुणपत्रिकेचा इथे काही संबंध नाही.

आता खरं काम. चार संघनायक आणि चार उपसंघनायक मिळून आठ जण होतात. हा तुमचा पाचवा संघ, आणि त्याचे संघनायक तुम्ही. बुधवारी शाळा सुटल्यावर ४० मिनिटं या आठ जणांना द्या. शनिवारी त्यांना जे शिकवायचंय तेवढंच बुधवारी शिकवा. एका वेळी एकच गोष्ट. समजा क्लोव्ह हिच (दोर काठीला बांधायची गाठ):

१. तुम्ही एकदा न बोलता बांधून दाखवा. मुलं तुमच्या शेजारी, तुम्ही बघताय त्याच दिशेला तोंड करून. समोर उभं राहून दाखवलं की उजवं-डावं उलटतं, निम्म्या चुका तिथेच होतात.
२. दुसऱ्यांदा सावकाश, बोलत बांधा. मग ते बांधतील.
३. त्यानंतर प्रत्येक संघनायकाने ती गाठ तुम्हाला शिकवायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाठ येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही मुद्दाम चुकीचा वेढा घ्या आणि त्याच्या लक्षात येतो का ते बघा.
४. गाठ कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे त्याच्या तोंडून काढून घ्या. क्लोव्ह हिच लॅशिंगची (दोराने बांबू एकमेकांना बांधण्याची) सुरुवात आणि शेवट करते, पण गुळगुळीत पाइपावर किंवा झटके बसणाऱ्या दोरीला ती एकटी भरवशाची नाही.

शनिवारच्या ७० मिनिटांची विभागणी अशी करता येईल. ध्वज, प्रार्थना, तपासणी मिळून १० मिनिटं. पळापळीचा खेळ ५. संघ कोपरे, म्हणजे प्रत्येक संघाने आपापल्या कोपऱ्यात शिकणं, २०. शिकलेल्या गोष्टीवर आंतरसंघ स्पर्धा २०. गाणं, गोष्ट किंवा निरीक्षणाचा खेळ १०. सूचना आणि ध्वज उतरवणं ५. तपासणी आधी संघनायकाने करायची, मग तुम्ही. ध्वजाची व्यवस्था दर आठवड्याला एका संघाकडे.

संघ कोपऱ्यांची २० मिनिटं सर्वात अवघड, कारण तेव्हा तुम्ही काही करायचं नसतं. मैदानाच्या मध्यावर वही घेऊन उभं राहा. एखादा मुलगा चुकीची गाठ मारतोय असं दिसलं तरी तिकडे जाऊ नका. मुलाची चूक संघनायकाने दुरुस्त करायची, संघनायकाची तुम्ही, तीही बाजूला घेऊन. एकदा का तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्या हातातला दोर घेतलात की त्या संघाचे संघनायक तुम्हीच झालात.

बेसिक कोर्स आठवून बघा. तिथे तुम्हाला संघात टाकलं होतं, संघनायक रोज बदलत होता, तंबू, स्वयंपाक, अहवाल सगळं संघाने केलं. कोर्सचा खरा धडा तो होता. पण परत आल्यावर बहुतेक शिक्षक वहीतली टिपणं फळ्यावर उतरवतात आणि प्रशिक्षकाच्या भाषणाची नक्कल करतात. नक्कल करायची तर त्या संघाच्या जगण्याची करा.

महिन्यातून एकदा कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे संघनायकांची बैठक, भरवा, अर्धा तास. चारही संघनायक बसतील, एक जण इतिवृत्त लिहील, तुम्ही सल्लागार म्हणून बसाल पण मत देणार नाही. विषय खरे द्या: खरी कमाईचे (मुलांनी कामं करून मिळवलेले) पैसे कशावर खर्च करायचे, सतत गैरहजर राहणाऱ्याचं काय करायचं, हाईक कुठे न्यायची. खरी कमाईच्या पैशातून त्यांनी दोर घ्यायचं ठरवलं आणि तुम्ही परस्पर बॅनर छापून आणलात, तर पुढच्या बैठकीत कुणी तोंड उघडणार नाही.

काथ्या_आणि_काठी

पथकवही यांनी सांगितलेल्या क्रमाला जोडून फक्त सामानाचं लिहितो.

दहा दोरांवर ३२ मुलं शिकत नाहीत. प्रत्येकाला ३ मीटरचा स्वतःचा दोर हवा. म्हणजे साधारण १०० मीटर, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा सुती दोर. नायलॉन स्वस्त पडतो, पण गुळगुळीत असल्याने गाठ धरत नाही, आणि मुलाला वाटतं आपणच चुकलो. दोर कापल्याबरोबर दोन्ही टोकांना जाड दोऱ्याने व्हिपिंग (घट्ट वेढे गुंडाळून टोक बांधणं) करून घ्या. नाहीतर महिन्याभरात टोकं उसवून झाडू होतो. व्हिपिंग हाच पहिल्या बुधवारचा धडा ठेवा. आठ जणांनी चार-चार दोर केले की बत्तीस झाले.

रीफ नॉट आणि शीट बेंड या दोन टोकं जोडायच्या गाठींसाठी दोन रंगांचे तुकडे वापरा. कुठलं टोक कुठे गेलं ते लगेच कळतं. आणि मुलांच्या डोक्यात पक्कं बसवा की रीफ नॉट बँडेज आणि पुडके बांधण्यासाठी आहे. माणसाचं वजन येणारे दोन दोर जोडायला ती कधीच वापरायची नाही. एक टोक ओढलं की ती उलटून सरकते.

स्क्वेअर लॅशिंगला दोर किती लागतो हा नेहमीचा प्रश्न. दोन्ही बांबूंच्या जाडीची बेरीज करा आणि दर अडीच सेंटिमीटरला सुमारे एक मीटर धरा. चार-चार सेंटिमीटरचे दोन बांबू असतील तर तीन मीटर आणि वर थोडा. म्हणजे मुलाचा स्वतःचा ३ मीटरचा दोर थोडा कमीच पडतो.

उभ्या बांबूवर, आडव्याच्या लगेच खाली क्लोव्ह हिच. आखूड टोक लांब दोराभोवती पिळून घ्यायचं. मग तीन पूर्ण फेरे, एकाशेजारी एक, एकावर एक चढू न देता. त्यानंतर दोन बांबूंच्या मधून फ्रॅपिंगचे (आधीचे फेरे आवळणारे) दोन फेरे आणि आडव्या बांबूवर क्लोव्ह हिचने शेवट. सैल राहतं ते जवळजवळ नेहमी फ्रॅपिंगमध्ये. मुलं फेरे घेताना ताणतात आणि फ्रॅपिंगला दमलेली असतात. दोर काठीच्या तुकड्याला गुंडाळून त्या काठीला धरून ओढायला शिकवा, तळहात सोलत नाहीत आणि ताण जास्त बसतो. तपासायचं असेल तर दोन्ही बांबू धरून कात्रीसारखे हलवा. कुरकुर आवाज आला तर चालेल, बांबू फिरला तर सोडून परत.

शिबिरासाठी एक इशारा. सुती आणि काथ्याचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैल होतो. ओल्या दोराने बांधलेलं गेट दुपारी डुगडुगतं. उलट, संध्याकाळी कोरड्या हवेत तट्ट ताणलेल्या तंबूच्या दोऱ्या जानेवारीच्या दवाने रात्री आखडतात आणि पहाटे खुंट्या उपटतात. झोपण्यापूर्वी प्रत्येक संघनायकाने आपल्या तंबूच्या दोऱ्या बोटभर सैल करायच्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत लिहूनच ठेवा.

गाईडर_भोर

सर, शिबिराविषयी लिहिते. पहिल्याच वर्षी दोन मुक्काम घेऊ नका. नोव्हेंबरात एक दिवसाची हाईक, डिसेंबरात शाळेच्याच आवारात एक मुक्काम, आणि तो नीट पार पडला तर जानेवारीत बाहेर. शाळेच्या मुक्कामात काय चुकतं ते कळतं आणि चुकलं तर घर जवळ असतं.

मोठ्या माणसांबद्दल आधी. ३२ मुलांमागे तुम्ही एकटे कधीच नको. पूर्ण वेळ किमान दोन प्रौढ, बाहेरच्या मुक्कामाला तीन-चार असलेले बरे. कुठलाही प्रौढ एका मुलाबरोबर बंद खोलीत किंवा तंबूत एकटा असता कामा नये. बोलायचं असेल तर इतरांना दिसेल अशा जागी, हवं तर आवाज पोचणार नाही इतक्या अंतरावर. प्रौढांचा तंबू वेगळा. आंघोळीच्या जागी मोबाइल नाही, कुणाचाही नाही. पथकात कधी मुली आल्या तर त्यांच्यासाठी स्त्री गाईडर असल्याशिवाय मुक्काम नाही.

यातली कायद्याची बाजू प्रत्येक स्काउटमास्तरला तोंडपाठ हवी. मुलाने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे कळवलं असं होत नाही. मुलाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा, आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. चाइल्डलाइन १०९८ आणि रुग्णवाहिका १०८ हे दोन्ही नंबर प्रत्येक संघनायकाच्या डायरीत पहिल्या पानावर असावेत.

जागा निवडताना तुमच्या भागात एक गोष्ट फार महत्त्वाची: उसाचं शेत लागून नको. संगमनेर, अकोले, जुन्नर या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो. खरकटं टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. म्हणून खरकट्यासाठी खड्डा, प्रत्येक जेवणानंतर वर माती, आणि अंधार पडल्यावर शौचाला तिघांनी मिळून जायचं, टॉर्च घेऊन. शिबिराची तारीख आणि जागा वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात आणि पोलीस पाटलांना आधी कळवा.

धरण, बंधारा, विहीर जवळ असेल तर पोहण्याचा कार्यक्रम ठेवूच नका. मुलं सांगूनही पाण्याकडे जातात, त्यामुळे हजेरी संघवार घ्या: जेवणाआधी, अंधार पडताना, झोपताना, उठल्यावर. लांब शिट्टी झाली की संघनायक दोन मिनिटांत “आठपैकी आठ” सांगतो. ३२ नावं वाचत बसण्यापेक्षा हे कितीतरी पटकन होतं.

सर्पदंश झाला तर मुलाला चालवू नका. दंशाचा हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर करा आणि सरळ रुग्णालय. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही नाही. प्रतिसर्पविष जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे ते शिबिराआधी स्वतः जाऊन विचारा. फोनवरच्या “हो असेल” वर जाऊ नका.

पाणी टाकीचं असेल तर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. ती आधी बादलीभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. गढूळ पाणी आधी गाळून घ्यावं लागतं, गढूळपणात क्लोरीन वाया जातं.

स्वयंपाक संघाचा संघाने करायचा. आठ मुलांच्या एका वेळच्या खिचडीला ६०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मूगडाळ, सुमारे ३ लिटर पाणी आणि निदान सहा-सात लिटरचं पातेलं. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यायचा, काजळी मातीबरोबर निघून जाते आणि घासणाऱ्याचा अर्धा तास वाचतो. खिचडी खाली लागते ती जाळ मोठा ठेवल्यामुळे. उकळी आली की लाकडं बाहेर ओढून निखाऱ्यावर शिजवायची. प्रत्येक चुलीजवळ एक बादली पाणी, एक बादली माती, आणि नायलॉनचे कपडे घातलेला मुलगा चुलीपाशी नको.

पालकांचं संमतिपत्र घेताना त्यात दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि अंथरूण ओलं करण्याची सवय हे वेगळे रकाने ठेवा. शेवटचा रकाना नसला तर पालक लिहीत नाहीत आणि मूल दोन रात्री झोपत नाही.

शनिवारचा_तास

सगळ्यांचे मनापासून आभार. संघ या शनिवारीच बदलतो. दोन शंका. एक नववीचा मुलगा बहुधा सगळ्यांच्या मताने संघनायक होईल, पण तो लहानांवर ओरडतो, कधी टपली मारतो. त्याला होऊ द्यावं का? आणि कोर्ट ऑफ ऑनरमध्ये उपसंघनायकांनाही बसवावं का?

पथकवही

होऊ द्या, पण नाव जाहीर करण्याआधी त्याच्याशी एकट्याने बोला, मॅडमनी सांगितलं तसं, सगळ्यांना दिसेल अशा जागी. एकच अट सांगा: हात लावायचा नाही. मारलं तर पद गेलं, दुसरी संधी नाही, आणि हे संघालाही माहीत असेल. ओरडण्याबद्दल मात्र धीर धरा. मुलं ओरडतात ती बहुतेक वेळा पुढे काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे. बुधवारी त्याला २० मिनिटांचा आराखडा कागदावर लिहून द्या: पाच मिनिटं दाखवणं, दहा मिनिटं जोडीने सराव, पाच मिनिटं चाचणी. सहावीच्या दोघांची जबाबदारी त्याच्या उपसंघनायकाकडे द्या. हातात काम आलं की आवाज खाली येतो.

सोपानाची (स्काउटच्या प्रगतीच्या पायरीची) चाचणी मात्र संघनायकाकडे देऊ नका. शिकवणार तो, तपासणार तुम्ही. मित्राची चाचणी घ्यायला लावलं की एकतर तो सगळ्यांना पास करतो, नाहीतर राग काढतो.

उपसंघनायक कोर्टात नकोत असं माझं मत. चौघांत मोकळं बोलणं होतं, आठांत होत नाही.

गाईडर_भोर

इथे थोडं वेगळं सांगते. नेहमीच्या बैठकीला चौघे ठीक. पण शिबिर ठरवताना आठही बसवा, कारण रात्री संघनायक आजारी पडला तर संघ उपसंघनायकाच्या हाती असतो आणि त्याला ठरलेलं सगळं माहीत हवं. कुणाच्या वागणुकीचा विषय असेल तेव्हा मात्र फक्त चौघे.

अ‍ॅडव्हान्सचं म्हणाल तर घाई नको. सातच दिवसांचा असला तरी तो बेसिकची उजळणी नाही. तिथे चर्चा होते ती तुमच्या पथकावर. निदान एक तुकडी प्रवेशापासून द्वितीय सोपानापर्यंत स्वतः नेली असेल आणि एक मुक्कामी शिबिर घेतलं असेल तर तिथले प्रश्न तुमचे असतात, नाहीतर नुसतं लिहून घेणं होतं. जाताना कोर्टाचं इतिवृत्त, शनिवारच्या आराखड्यांची वही आणि शिबिराचा हिशेब बरोबर न्या. जिल्हा संघटकांकडे आत्ताच नाव सांगून ठेवा, सुट्टीतल्या जागा लवकर भरतात. आणि पथकाची वार्षिक नोंदणी आणि तुमचं वॉरंट (स्काउटमास्तर म्हणून नेमणुकीचं पत्र) दोन्ही चालू ठेवा.

पुढे हिमालय वुड बॅज, म्हणजे प्रशिक्षणातली त्यानंतरची पायरी. गळ्यातले दोन लाकडी मणी १९१९ साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कच्या पहिल्या प्रौढ प्रशिक्षणापासून चालत आलेत. तीन मणी दिसले की साहाय्यक लीडर ट्रेनर, चार म्हणजे लीडर ट्रेनर. त्या पहिल्या कोर्सलाही मोठ्या माणसांना संघ करूनच राहायला लावलं होतं.

काथ्या_आणि_काठी

एक राहिलं. दोर शाळेच्या कपाटात एकत्र गुंडाळून ठेवू नका. प्रत्येक संघाची एक पेटी करा: आठ दोर, चार काठ्यांच्या नोंदीचा कागद, प्रथमोपचाराची पिशवी, टॉर्च, संघाची वही. पेटीची किल्ली संघनायकाकडे, दुसरी तुमच्याकडे. दोर ओले असतील तर पेटीत जाण्याआधी सावलीत वाळवायचे. उन्हात सुती धागा ठिसूळ होतो आणि ओला ठेवला तर काळा पडतो. महिन्यातून एकदा उपसंघनायकाने दोर पूर्ण लांबीने हातातून ओढत तपासायचा आणि जिथे पीळ तुटलाय तिथे कापून दोन्ही टोकांना पुन्हा व्हिपिंग करायचं. आखूड झालेला तुकडा बँडेजच्या सरावाला चालतो.

शनिवारचा_तास

पेट्यांसाठी गावातल्या किराणा दुकानातून रिकामे पत्र्याचे डबे मिळतील. दोराचे १०० मीटर खरी कमाईतून घ्यायचे की नाही, हा पहिल्या कोर्ट ऑफ ऑनरचा विषय ठेवतो. बुधवारी व्हिपिंग.